बुधवारची बिलं

भोसरी एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते. त्यामुळे आमचा आठवडा बुधवारी संपतो आणि तो शांतपणे कधीच संपत नाही. पाच वाजले की पॅकिंगपाशी क्रेटची रांग लागते, फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर शेवटचा लॉट चालू असतो, टेम्पोवाले मामा गेटपाशी घड्याळ बघत उभे असतात आणि वर ऑफिसात बिलिंगचा मुलगा एकामागून एक बिलं काढत असतो. मी या कारखान्यात १९ वर्षं अकाउंट्स आणि डिस्पॅच बघते. साठ माणसं, आठेक कोटींची उलाढाल. सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, गाड्यांचे छोटे भाग बनवायचे आणि चाकणला पाठवायचे. भाग आम्ही चांगले बनवतो. माल क्वचितच परत येतो. परत यायची ती बिलं.

माल पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीच्या, गेटवर उतरतो, त्यांचं स्टोअर मोजून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करतं. मग पीओ (त्यांची खरेदीची ऑर्डर), जीआरएन आणि आमचं बिल या तिन्हींचा मेळ बसला तरच बिल पेमेंटला पुढे सरकतं. एक आकडा इकडचा तिकडे झाला की बिल बाजूला पडतं. त्यांच्याकडून कधी फोन येतो, कधी येत नाही. आपल्याला कळेपर्यंत तीन आठवडे गेलेले असतात. तोवर इकडे बँकेच्या कॅश क्रेडिटच्या कर्जावर व्याज चढत असतं, स्टीलचे बार देणाऱ्याचे पैसे थकलेले असतात आणि सात तारीख, म्हणजे पगाराचा दिवस, जवळ आलेला असतो. सात तारखेच्या आदल्या रात्री मला झोप लागत नसे. त्या साठ जणांपैकी निम्म्यांच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे.

१ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणं, लागू झालं आणि हा त्रास दुप्पट झाला. पूर्वी चुकलेलं बिल रद्द करून दुसरं काढता यायचं. आता पोर्टलवर बिलाला आयआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, मिळाला की तो २४ तासांच्या आतच रद्द करता येतो. त्यानंतर जुन्या बिलाची रक्कम वजा करणारी क्रेडिट नोट आणि नवं बिल. बुधवारी संध्याकाळी काढलेलं बिल गुरुवारी पार्टीकडे तपासलं जातं, कारण त्यांची सुट्टी रविवारी. गुरुवारी आमचं ऑफिस बंद. शुक्रवारी सकाळी फोन घ्यावा तर २४ तास उलटून गेलेले.

दर शनिवारी साहेबांची मीटिंग असते. त्यात आठवड्याला किती बिलं अडकली ते मी सांगायचे आणि आकडा मोठा असला की बिलिंगच्या मुलाला बोलणी बसायची. साहेब मनाने वाईट नाहीत, पण पैसे त्यांचे अडकलेले असायचे. "या आठवड्यात नऊ? लक्ष कुठे असतं तुझं?" मुलगा खाली मान घालून उभा. पुढच्या आठवड्यात आकडा चार व्हायचा आणि साहेब मला म्हणायचे, "बघा, बोललं की फरक पडतो." मलाही तसंच वाटायचं. ते वाटणं चुकीचं होतं हे मला एका वर्गात कळलं.

सप्टेंबरमध्ये आमच्या भागात दोन दिवसांचा एक गुणवत्ता सुधारणा वर्ग होता. क्वालिटीवाल्या सरांनी जायचं होतं, त्यांना ऑडिट आलं म्हणून साहेबांनी मला पाठवलं. आपल्याकडे क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनीच गट करून काम सुधारायची, चळवळ १९८० मध्ये भेल (बीएचईएल) या सरकारी कंपनीच्या हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरम कारखान्यातून सुरू झाली, हे तिथे पहिल्यांदा ऐकलं. पण ते सगळं मशीनवरच्या माणसांसाठी, आपला काय संबंध, असं म्हणत मी मागच्या बाकावर बसले होते. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी मला पुढे बोलावलं. टेबलावर एका मोठ्या भांड्यात पांढरे मणी आणि त्यांत मिसळलेले लाल मणी. हातात एक फळी दिली, तिला ५० खळगे. भांड्यात फळी घालायची, मणी भरून वर काढायची. लाल मणी म्हणजे खराब माल. डोळ्यांनी निवडायचं नाही. अमेरिकन गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग हा प्रयोग आपल्या वर्गांत करत असत, असं त्यांनी नंतर सांगितलं.

माझ्या फळीत १३ लाल मणी आले. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तेरा? शेजारच्यांनी सात आणले. लक्ष द्या जरा." पुढच्या खेपेला माझे आठ आले. "बघा, बोलल्यावर सुधारलात." सगळे हसले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. भांड्यात दर पाच मण्यांमागे एक लाल होता. मी जीव तोडून फळी हलवली काय किंवा डोळे मिटून हलवली काय, दहाच्या आसपास लाल मणी येणारच होते, कधी थोडे जास्त, कधी कमी. मी सुधारले नव्हते आणि बिघडलेही नव्हते. आमच्या ऑफिसातला मान खाली घातलेला मुलगा डोळ्यांसमोर आला. तीन वर्षं आम्ही त्याला भांड्यातल्या मण्यांसाठी रागावत होतो.

परत आल्यावर साहेबांना म्हटलं, मला तीन महिने द्या. सॉफ्टवेअर नको, नवा माणूसही नको. फक्त या तीन महिन्यांत कोणालाही बोलायचं नाही. ते कबूल झाले. पहिली सुधारणा खरं तर तीच म्हणायला हवी.

डीमेक म्हणून जी पद्धत आहे ती पाच पावलांची: आधी नेमकं काय दुखतंय ते ठरवायचं, मग मोजायचं, मग कारण शोधायचं, मग बदल करायचा आणि शेवटी तो बदल टिकवायचा. ऐकायला सोपं वाटतं. आमचे पहिल्या पावलावरच दोन आठवडे गेले, कारण अडकलेलं बिल कशाला म्हणायचं यावर एकमत होईना. साहेब म्हणत पेमेंट उशिरा आलं ते अडकलेलं. डिस्पॅचचे काका म्हणत परत आलं तेच अडकलेलं. बिलिंगचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फोनवर मिटतं ते धरायचं की नाही?" आणि तोच प्रश्न सगळ्यात मोलाचा निघाला. शेवटी ठरलं, ज्या बिलासाठी पार्टीशी एकदा जरी फोन, मेल किंवा क्रेडिट नोट करावी लागली ते अडकलेलं. फोनवर मिटणारी बिलं आजवर कोणी धरतच नव्हतं.

एक दोनशे पानी वही घेतली. अडकलेल्या प्रत्येक बिलाला एक ओळ: तारीख, वार, पार्टी, काय चुकलं, कधी कळलं. नाव लिहायचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या १३ आठवड्यांत ४१२ बिलं निघाली आणि त्यांपैकी ६१ अडकली. म्हणजे शंभरात जवळजवळ पंधरा. साहेब बराच वेळ वहीकडे बघत बसले. त्यांच्या मनातला आकडा पाच-सहाचा होता.

कारणं वेगळी केली तेव्हा चित्र अगदी स्पष्ट निघालं. पीओचा नंबर किंवा त्याची सुधारित आवृत्ती न जुळणं, २७. नगांची संख्या न जुळणं, १८. जुना दर ७, ई-वे बिलावर (मालवाहतुकीच्या जीएसटी कागदावर) गाडीचा नंबर चुकीचा ४, टेस्ट रिपोर्ट न जोडणं ३, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाचा वर्ग सांगणारा आकडा) चुकणं २. पहिली दोन कारणं मिळून ४५, म्हणजे ६१ पैकी जवळजवळ पाऊण भाग. आणि आम्ही एवढी वर्षं त्या मुलाला काय शिकवत होतो? एचएसएन कोड. साहेबांनी त्याला दोनदा जीएसटीच्या कोर्सला पाठवलं होतं.

मग मी आठवड्याचा आलेख काढला. वॉल्टर शूहार्ट नावाच्या माणसाने मे १९२४ मध्ये अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये आपल्या वरिष्ठांना असा आलेख एका पानाच्या टिपणात काढून दाखवला होता. त्याला कंट्रोल चार्ट म्हणतात. नेहमीचा चढउतार कुठवर असतो त्याच्या वरच्या आणि खालच्या मर्यादा त्यात रेघांनी दाखवतात. आमच्याकडे आठवड्याला साधारण ३२ बिलं निघतात आणि त्यांतली सरासरी ४.७ अडकतात. त्यावरून वरची मर्यादा काढली तर ती पावणेअकराच्या जवळ येते. खालची शून्य. म्हणजे ज्या पद्धतीने आम्ही काम करत होतो त्या पद्धतीत एका आठवड्यात दोन आणि दुसऱ्या आठवड्यात दहा बिलं अडकली तरी त्यात वेगळं असं काही घडलेलं नसतं. नऊनंतर चार येणारच होते. साहेब बोलले असते तरी आणि नसते तरी. तो आलेख मी त्यांच्या टेबलावर ठेवला आणि लाल मण्यांची गोष्ट सांगितली. ते काहीच बोलले नाहीत, पण पुढच्या शनिवारच्या मीटिंगमध्ये त्यांनी मुलाला बसायला खुर्ची दिली.

आता कारणांकडे. पीओच्या २७ बिलांमागे मी एकेक करून 'का' विचारत गेले. बिल जुन्या पीओवर का निघालं? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच पीओ होता. का? नवा पीओ बिलिंगकडे पोचला नव्हता. का? तो मार्केटिंगच्या सरांकडे प्रिंट होऊन प्लॅनिंगच्या फायलीत लागत होता. सरांकडे उशिरा का यायचा? साहेबांच्या मुलाच्या मेलवरून पुढे पाठवला जात होता. आणि त्याच्याकडे का जायचा? कारण पार्टीच्या व्हेंडर पोर्टलवर आमचा म्हणून जो मेल पत्ता होता, तो २०१६ साली नोंदणीचा फॉर्म भरणाऱ्या माणसाचा. त्याने नोकरी सोडली तेव्हा त्याचा मेल साहेबांच्या मुलाकडे वळवून दिला आणि सगळे ते विसरून गेले. साहेबांचा मुलगा महिन्यातले दहा दिवस बाहेरगावी. सात वर्षं आमचे पीओ असा वळसा घालून येत होते. मला राग येण्याऐवजी एकदम मोकळं वाटलं. एवढंच होतं!

नगांच्या १८ बिलांचं मात्र वहीत बसून कळेना. वार बघितले तर १८ पैकी १४ बुधवारची. जपानी लोक म्हणतात तसं जिथे काम चालतं तिथे जाऊन उभं राहायचं ठरवलं. चार बुधवार मी पाच वाजता खाली उतरले आणि पॅकिंगच्या खांबाला टेकून, काही न बोलता, घड्याळ आणि वही घेऊन उभी राहिले. पहिल्या दिवशी सगळे बिचकले. दुसऱ्या बुधवारी पॅकिंगच्या मावशींनी स्टूल आणून दिलं. तिसऱ्या बुधवारी मला ते दिसलं.

बिलिंगचा मुलगा साडेपाचला बिलं काढून पावणेसहाला निघतो. त्याच्या बायकोची सेकंड शिफ्ट असते, साडेसहाच्या आत मुलीला पाळणाघरातून घ्यावंच लागतं. तो बिलं काढतो ती प्रॉडक्शनने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर. टेम्पो भरतो साडेसातला. मधल्या दोन तासांत फायनल इन्स्पेक्शन चालू असतं आणि जे पाच-सहा नग नापास होतात ते क्रेटमधून काढून घेतले जातात. बिल आधी, मोजणी नंतर. इन्स्पेक्शनच्या ताई आपलं काम चोख करत होत्या, मुलगा आपलं काम चोख करत होता, मामा वेळेवर निघत होते, आणि चोख कामांच्या मधल्या फटीतून दर बुधवारी नग गळत होते.

आमचा पहिला उपाय फसला, तो माझा होता. मी १४ प्रश्नांचा एक तक्ता केला, बिल काढण्याआधी प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची आणि सही. जानेवारीभर तो चालला आणि बिलं तेवढीच अडकली. कागद बघितले तर चौदाही खुणा पेनाच्या एका लांब फटकाऱ्यात केलेल्या. घाईच्या वेळी दमलेल्या माणसाला आणखी एक कागद देऊन चूक थांबेल असं मला वाटलं होतं. तक्ता बंद केला.

इथे मला वर्गात ऐकलेली जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांची गोष्ट आठवली. चूक होऊच नये अशी सोय कामातच करायच्या पद्धतीला ते आधी 'बाका-योके' म्हणत, म्हणजे मूर्खपणापासून बचाव. १९६३ मध्ये एका कारखान्यात हे ऐकून काम करणारी एक स्त्री रडू लागली, मी काय मूर्ख आहे का म्हणून. शिंगो यांनी शब्दच बदलला. 'पोका-योके', म्हणजे नकळत होणाऱ्या चुकीपासून बचाव. वर्गातलं मला सर्वात जास्त काय लक्षात राहिलं असेल तर ती बाई.

मग आम्ही सगळे एकत्र बसलो, मावशी आणि मामांसकट. मुलाला उशिरापर्यंत थांबवायचं नाही, हे मी आधीच सांगितलं. मामांनी विचारलं, "पण हा शेवटचा लॉट बुधवारीच कशाला लागतो त्यांना?" कोणालाच उत्तर येईना. मी पार्टीच्या स्टोअरला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "शनिवारपर्यंत कधीही द्या, मॅडम. बुधवारी रात्री आम्हाला उतरवायलाच त्रास होतो." ती घाई आमचीच होती. प्रॉडक्शनला आठवड्याचा आकडा बुधवारी भरून दाखवायचा असायचा, एवढ्यासाठी दोन-तीन क्रेट ओढून-ताणून आणले जायचे.

आता बुधवारी चार वाजता रेघ ओढली जाते. चारपर्यंत जे इन्स्पेक्शनमधून पास झालं ते जातं, उरलेलं शुक्रवारी सकाळी. पॅकिंगवरून सही झालेली स्लिप वर आल्याशिवाय बिल निघत नाही. क्रेटमध्ये २४ खळग्यांचे ट्रे घातले, एक नग काढला तर खळगा रिकामा दिसतो, मोजावं लागत नाही. पीओसाठी एकच सामाईक मेल पत्ता केला, पोर्टलवर तो बदलून घेतला, आणि नवा पीओ आला की त्याच दिवशी टॅलीमधला जुना बंद होतो. बंद पीओवर बिल निघतच नाही. हे सगळं आधी फक्त एका पार्टीसाठी, चार आठवडे, आणि जमलं तेव्हा सगळ्यांसाठी. खर्च झाला तो ट्रेंचा.

एप्रिल ते जून २०२४ मध्ये ४३८ बिलं निघाली. १७ अडकली. पेमेंट येण्याचे सरासरी दिवस ७९ वरून ५७ वर आले.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, जी माझ्यासारख्या लघुउद्योगात काम करणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावी. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्याचं ४३ बी (एच) हे कलम अमलात आलं आणि सूक्ष्म-लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा दबाव मोठ्या पार्ट्यांवर आला. आजूबाजूच्या कारखान्यांत सगळे खूश, आता पैसे वेळेवर येणार. पण हे ४५ दिवस मोजायचे कधीपासून? २००६ च्या एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात त्याचं उत्तर आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत पार्टीने लेखी हरकत घेतली, तर आपण ती हरकत दूर करू त्या दिवसापासून. नगांचा हिशेब जुळत नसेल आणि पार्टीने तसं लिहून कळवलं, तर घड्याळ सुरूच होत नाही. कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो चोख कागद असलेल्याच्या बाजूचा आहे.

लोक विचारतात, सिक्स सिग्मा केलंत का? मोटोरोलामध्ये १९८६ च्या सुमारास जन्मलेल्या त्या पद्धतीत दहा लाख संधींमागे ३.४ चुका हे लक्ष्य असतं. आमची बिलं वर्षाला साडेसोळाशे. त्या हिशेबाने एक बिल अडकायला पावणेदोनशे वर्षं लागतील. मोठ्या कंपनीला, बँकेला ते आकडे हवेत. आम्हाला एक वही, एक आलेख आणि चार बुधवार पुरले. 'ग्रीन बेल्ट', 'ब्लॅक बेल्ट' असले पट्टे आणि प्रमाणपत्रं यांच्या नादाने छोटे लोक या पद्धतीपासून लांब राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आलेख आता मी काढत नाही. बिलिंगचा मुलगा काढतो, कॅलेंडरच्या शेजारी लावतो. नव्या सरासरीवर वरची मर्यादा साडेचारच्या थोडी वर आली आहे. ऑगस्टमध्ये एका आठवड्याला पाच बिलं अडकली, ठिपका रेघेच्या वर गेला. शनिवारी साहेबांनी त्यावर बोट ठेवलं आणि मुलाला विचारलं, "या आठवड्यात वेगळं काय झालं?" त्याच्याकडे उत्तर तयार होतं. पार्टीने नव्या प्लांटचा वेगळा कोड सुरू केला होता, पाचही बिलं त्याच प्लांटची. त्याने शुक्रवारीच फोन करून कोड मागवला होता आणि टॅलीत टाकलाही होता.

राहिले दर. एप्रिल ते जूनच्या १७ पैकी ८ बिलं दरामुळेच अडकली होती. स्टीलच्या भावाप्रमाणे दर तिमाहीला दर बदलतो, मागच्या तारखेपासून लागू होतो आणि त्याचं पत्र दीड महिन्याने येतं. हे आमच्या चार भिंतींत सुटणारं नाही. पुढच्या मंगळवारी पार्टीच्या परचेसकडे मीटिंग आहे. मुलगा आणि मी दोघं जाणार आहोत, वही घेऊन.